एकाच मोबाइलवरून पाच मुलांना गोष्ट ऐकवायची आहे. हेडफोन दोन ब्लूटूथचे, तीन वायरचे

डोंगरशाळा, पाटण (जि. सातारा):

नमस्कार. पाटण तालुक्यातील डोंगरावरच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी पहिली आणि दुसरीचे वर्ग एकाच खोलीत घेते. पहिलीचा पट पाच आहे. दुसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत असताना पहिलीच्या मुलांनी अर्धा तास स्वस्थ बसून काहीतरी चांगले ऐकावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. त्यासाठी पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून मिळणाऱ्या कविता आणि गोष्टी मी घरी, जिथे रेंज असते तिथे, फोनमध्ये उतरवून ठेवल्या आहेत. फोनच्या स्पीकरवर त्या लावल्या की दुसरीची मुले वजाबाकी सोडून गोष्ट ऐकत बसतात. पावसाळ्यात तर तोही प्रश्न उरत नाही, कारण पत्र्यावर पाऊस वाजू लागला की फोनचा राहोच, माझाच आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही.

मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी शाळेला पाच हेडफोन दिले आहेत. त्यांपैकी दोन कानावर पूर्ण बसणारे ब्लूटूथचे आहेत आणि तीन वायरचे असून त्यांच्या वायरवर माइक व एक बटण आहे. माझ्या फोनमध्ये अँड्रॉइड १२ आहे आणि हेडफोनची ३.५ मिलिमीटरची पिन बसेल असे छिद्रही आहे. दोन्ही ब्लूटूथ हेडफोन फोनला जोडले जातात, पण आवाज एकातच येतो. कुणीतरी सांगितल्यावरून डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन जोडता येणाऱ्या ब्लूटूथ उपकरणांची संख्या पाच केली, तरी फरक पडला नाही. वायरची पिन घातली की ब्लूटूथ गप्प होतो. दुकानदाराने मात्र ‘फोनला ब्लूटूथ ५.० आहे, म्हणजे दोन चालणारच’ असे छातीठोकपणे सांगितले होते. शेवटी दीडशे रुपये देऊन एका पिनेची दोन छिद्रे करणारे स्प्लिटर आणले, तर त्याच्याही एकाच छिद्रातून आवाज येतो, दुसरे मुके आहे. फोन सदोष आहे, हेडफोन सदोष आहेत की माझेच काही चुकते आहे, हे कृपया कुणी समजावून सांगेल का?

कृष्णाकाठ, सांगली:

मॅडम, फोन सदोष नाही आणि आपलेही काही चुकलेले नाही. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि हा प्रश्न दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारतोच, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गाणे, गोष्ट किंवा चित्रफीत यांचा आवाज कुठे पाठवायचा, याचा निर्णय अँड्रॉइडमधील एक व्यवस्था घेते आणि तिचा सर्वसाधारण नियम असा आहे की एका वेळी एकच वाट उघडी ठेवायची. पिन घातली की वाट वायरकडे वळते, ब्लूटूथ निवडला की तिकडे वळते. दोन्हींकडे एकदम पाठवणे यंत्राला अशक्य आहे असे मात्र नाही. पिन घातलेली असताना फोन आला तर रिंग हेडफोनमध्येही वाजते आणि बाहेरच्या स्पीकरमधूनही वाजते, हे आपण पाहिलेच असेल. रिंगसाठी जी सवलत दिली आहे ती गाण्यासाठी दिलेली नाही, इतकेच. डेव्हलपर ऑप्शनमधील तो आकडा किती उपकरणे जोडलेली राहू शकतील एवढेच ठरवतो. जोडलेल्यांपैकी वाजणारे एकच.

ब्लूटूथची अडचण आणखी वेगळी आहे. आजच्या बहुसंख्य हेडफोनमध्ये जी जुनी पद्धत आहे, तिच्यात फोन प्रत्येक हेडफोनशी स्वतंत्र संधान बांधतो आणि दोन हेडफोन असतील तर तोच आवाज दोनदा, वेगवेगळा पाठवावा लागतो. काही कंपन्यांनी ही सोय स्वतःहून केली. सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलेक्सी एस ८ पासून ‘ड्युअल ऑडिओ’ आणले, ॲपलने २०१९ मध्ये आयओएस १३ च्या काळात आपल्याच घराण्यातील दोन हेडफोनांवर एकत्र ऐकण्याची सोय दिली. दोन्हीकडे मर्यादा दोन हेडफोनांचीच आहे. त्यामुळे आपल्या दुकानदाराचे म्हणणे अर्धवट ऐकीव माहितीवर आधारलेले आहे. ब्लूटूथ ५.० हा आकडा असला म्हणून दोन हेडफोन आपोआप चालत नाहीत, ती सोय फोन बनवणाऱ्याने दिलेली असावी लागते. त्याचप्रमाणे हेडफोनच्या खोक्यावर ‘मल्टिपॉइंट’ किंवा ‘ड्युअल कनेक्शन’ असे छापलेले असते, त्याचा अर्थ नेमका उलटा आहे: एक हेडफोन आणि दोन फोन. या शब्दाने भल्याभल्यांना फसवलेले आहे.

खरा उपाय ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत आहे. ही पद्धत २०२० मध्ये जाहीर झाली आणि तिच्यातील प्रक्षेपणाच्या सोयीला २०२२ मध्ये ‘ऑराकास्ट’ हे नाव मिळाले. आकाशवाणीचे केंद्र किती रेडिओ लागले आहेत हे मोजत बसत नाही, तसे या पद्धतीत फोन एकदाच आवाज सोडतो आणि जवळचे कितीही हेडफोन तो घेऊ शकतात. परंतु तिला अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढची आवृत्ती, तसे यंत्र असलेला फोन आणि तसेच हेडफोन, असे तिन्ही लागते. आपल्याकडे यांतले पहिलेच नाही, तेव्हा तो विचार आज सोडून द्यावा.

आपल्या परिस्थितीत मी असे करीन. आवाज फोनमधून वायरनेच बाहेर काढायचा आणि त्याच्या वाटण्या फोनच्या बाहेर करायच्या. चार छिद्रांचे स्प्लिटर घेतले की तीन वायरचे हेडफोन थेट लागतील आणि चौथ्या छिद्रात ब्लूटूथ ट्रान्समीटर नावाची काडेपेटीएवढी डबी लावता येईल. या डबीला वायरने आवाज मिळतो आणि ती तो ब्लूटूथने पुढे पाठवते. दोन हेडफोनांना एकदम पाठवणाऱ्या डब्या मिळतात, घेताना तेवढे मात्र विचारून घ्यावे. फोनच्या लेखी हा सगळा कारभार म्हणजे लावलेला एकच वायरचा हेडफोन असतो, त्यामुळे त्याची तक्रार राहत नाही.

प्रीतिसंगम, कराड:

वरील सरांचे स्पष्टीकरण योग्यच आहे. मी कराडमध्ये मोबाइल दुरुस्तीचे काम करतो, म्हणून त्या मुक्या छिद्राविषयी लिहितो. मॅडम, स्प्लिटर उजेडात धरून पाहा. एका छिद्राजवळ हेडफोनचे आणि दुसऱ्याजवळ माइकचे बारीक चित्र कोरलेले असेल. ते स्प्लिटर दोन माणसांसाठी नसते. संगणकाला ज्या हेडफोनच्या दोन वेगळ्या पिना असतात, एक ऐकण्याची आणि एक बोलण्याची, त्या मोबाइलला एकत्र लावण्यासाठी ते असते. दिसायला दोन्ही प्रकार सारखेच, टांगलेलेही एकाच खिळ्याला, आणि दहांपैकी चार गिऱ्हाइके चुकीचे घेऊन जातात असा माझा अनुभव आहे. दोन्ही छिद्रांवर हेडफोनचेच चित्र असेल ते आपल्याला हवे.

दुसरी गोष्ट पिनेची. आपल्या वायरच्या हेडफोनला माइक आहे, म्हणजे त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा आणि चार कप्पे असतील. टोकाकडून पाहिले तर डावा कान, उजवा कान, मग दोघांची परतीची समाईक वायर आणि शेवटी माइक, असा सध्याचा क्रम आहे. बटण दाबले की माइकची वायर समाईक वायरला चिकटते आणि त्यावरून फोनला ‘थांब’ असा इशारा मिळतो. चार कप्प्यांचे, माइकसकट जोडणारे स्प्लिटर घेतलेत तर तीन मुलांपैकी कुणीही बटण दाबले की गोष्ट सगळ्यांचीच थांबेल. पहिलीची मुले बटण दाबल्याशिवाय राहणार नाहीत हे मी आपल्याला सांगायला नको. तेव्हा तीन कप्प्यांचे, म्हणजे माइक न जोडणारे स्प्लिटर घ्या.

आणि ट्रान्समीटरवर पैसे घालण्याआधी ते दोन ब्लूटूथ हेडफोन नीट तपासा. कानावर पूर्ण बसणाऱ्या बहुतेक ब्लूटूथ हेडफोनला चार्जिंगच्या जागेजवळ ३.५ मिलिमीटरचे एक छिद्र असते. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घातली की तो हेडफोन साधा वायरचा होतो आणि अशा वेळी त्याला चार्जिंगही लागत नाही.

पोवई नाका, सातारा:

एवढा खटाटोप करण्यापेक्षा घरोघरी पडलेले पाच जुने मोबाइल गोळा करून प्रत्येकात तीच गोष्ट टाकावी, असे मला वाटते. मुलाला मागे जाऊन पुन्हा ऐकायचे असेल तर तेही जमेल.

डोंगरशाळा, पाटण:

सर्वांचे मनापासून आभार. स्प्लिटरवर खरोखरच माइकचे चित्र निघाले; इतके बारीक की चष्मा पुसून पाहावे लागले. जुन्या फोनांची सूचना चांगली आहे, परंतु पाच पडदे पाच मुलांच्या हातात दिले की त्यांतल्या चार जणांची बोटे गोष्टीवरून कुठे जातील याचा अनुभव मी घेऊन चुकले आहे. म्हणून माझ्या टेबलावरचा एकच फोन बरा.

दोन्ही ब्लूटूथ हेडफोनच्या कडेला रबरी झाकणाखाली छिद्र सापडले. त्यामुळे ट्रान्समीटरचा विचार सोडून पाच छिद्रांचे स्प्लिटर आणि दोन वायरी आणल्या, आणि पाचही हेडफोन एकदम लागले. आता दोन नवे प्रश्न उभे राहिले आहेत. पहिला असा की आवाज कमी झाला आहे, फोनवर पूर्ण केला तरी बेताचाच येतो. दुसरा प्रश्न मला अद्याप उलगडलेला नाही. माइकवाल्या तीन हेडफोनांपैकी एकात गोष्टीमागचे संगीत, पाखरांचे आवाज, ढोलकी असे सगळे ऐकू येते, फक्त गोष्ट सांगणाऱ्या बाईंचा आवाज येत नाही. मुलगी म्हणाली, ‘बाई, यात गोष्ट नाहीये.’ मी तो कानाला लावला तर खरेच नव्हती.

तंबोरा, मिरज:

मॅडम, या दोन्ही प्रश्नांशी माझा रोजचा संबंध येतो, कारण मिरजेत मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो आणि गायक, तबला, पेटी, तंबोरा या सगळ्यांच्या कानांत एकच आवाज पोहोचवणे हा त्या कामाचा निम्मा भाग आहे.

आधी हरवलेल्या बाईंविषयी. गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज मुद्रणात डाव्या आणि उजव्या बाजूला अगदी सारखा ठेवलेला असतो, म्हणून तो डोक्याच्या मध्यभागी ऐकू येतो. संगीत मात्र दोन्ही बाजूंना थोडे वेगवेगळे असते. प्रीतिसंगम यांनी वर सांगितलेली परतीची समाईक वायर स्प्लिटरच्या आत नीट टेकली नाही, तर डावा आणि उजवा कान एकमेकांतूनच वीज परत पाठवू लागतात आणि हेडफोनमध्ये दोन बाजूंमधला केवळ फरक उरतो. जे दोन्हीकडे सारखे होते ते परस्परांत खपून जाते. म्हणून बाई गेल्या आणि पाखरे राहिली. चार कप्प्यांची पिन तीन कप्प्यांच्या छिद्रात पूर्ण आत गेली की असे पुष्कळदा होते. पिन आत असतानाच केसभर, फार तर एक-दोन मिलिमीटर, बाहेर ओढून पाहा. बाई परत येतील.

आता आवाज कमी होण्याविषयी. हेडफोनवर ३२ ओम असा आकडा असतो, तो विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आहे. असे पाच हेडफोन एका स्प्लिटरला लावले की फोनला त्यांचा एकत्रित अडथळा ३२ न दिसता त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा, म्हणजे ६.४ ओम दिसतो. फोनमधील इवलासा ॲम्प्लिफायर एवढी वीज पुरवण्यासाठी बनवलेला नसतो. त्याचा स्वतःचा अंतर्गत अडथळा समजा १० ओम धरला, तर एका हेडफोनच्या तुलनेत पाच हेडफोनांवर आवाज सुमारे ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाचे माप) उतरतो, म्हणजे प्रत्येक हेडफोनवरचा विद्युत्दाब जवळपास निम्मा होतो. नळाच्या एकाच तोटीला पाच नळ्या लावाव्यात तसा हा प्रकार आहे. नेहमीसाठी हवे असेल तर हेडफोन ॲम्प्लिफायर घ्यावा. त्याला प्रत्येक छिद्रासाठी आवाजाचे वेगळे बटण असते. त्यातही अडॅप्टरवर चालणारा घेतला तर आपल्याकडे वीज गेली की वर्ग बसला, म्हणून आत बॅटरी असलेला पाहावा.

मी आपल्या जागी असतो तर मात्र अजून काहीच घेतले नसते. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ७५ डेसिबल अशी आहे. मोठ्यांसाठी ती ८० आहे. आपली मुले दिवसाकाठी अर्धाच तास ऐकणार, म्हणजे त्या मर्यादेच्या कितीतरी आत आहेत, तरीही बेताचा आवाज ही तक्रार न मानता सोय मानावी असे माझे मत आहे. पत्र्यावरच्या पावसाला हरवण्यासाठी आवाज वाढवत नेण्यापेक्षा कान पूर्ण झाकणारे हेडफोन बरे, कारण ते बाहेरचा गोंगाटच काही अंशी अडवतात.

एक काळजी मात्र आवर्जून घ्या. पाचही हेडफोन लावून फोनचा आवाज पूर्ण केलेला असताना चौघांनी आपापल्या पिना काढल्या, तर पाचव्या मुलाच्या हेडफोनवरचा विद्युत्दाब वरच्या हिशेबाने जवळपास दुप्पट होतो, आणि तोही अचानक. त्यामुळे गोष्ट संपली की आधी फोनवरचा आवाज उतरवायचा, मग पिना काढायच्या. आमच्याकडे हा नियम मोठमोठ्या गवयांनाही पाळावा लागतो.

ट्रान्समीटर घेतला नाहीत हे फार बरे झाले. जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ आवाज बांधून, पाठवून, सोडवेपर्यंत साधारण पाव सेकंदाच्या आसपास वेळ घेतो. नुसती गोष्ट ऐकताना ते कळत नाही. पण कविता लागली आणि मुले तिच्याबरोबर म्हणू लागली, की वायरवाली तिघे पुढे आणि ब्लूटूथवाली दोघे एका अक्षराने मागे, असा कोरस झाला असता आणि दुसरीची वजाबाकी पुन्हा थांबली असती. पडद्यावर चित्र असते तर त्या दोघांना ओठ आधी हललेले आणि शब्द नंतर आलेला दिसला असता. हेडफोन ब्लूटूथवर आहे हे फोनला माहीत असते तेव्हा बरेच व्हिडिओ प्लेअर चित्रही तेवढेच मागे ठेवून ही गोष्ट सांभाळून घेतात. मध्ये ट्रान्समीटरची डबी आली की फोनला त्याचा पत्ताच नसतो.

डोंगरशाळा, पाटण:

पिन किंचित ओढली आणि बाई आल्या! मात्र मुलीने मान हलवली की त्या पुन्हा जातात. पिन तेवढ्याच जागी टिकून राहावी म्हणून तिच्यावर चिकटपट्टीचा वेढा दिला तर चालेल का?

प्रीतिसंगम, कराड:

चिकटपट्टीने चार दिवस निभेल, नंतर तिचा गोंद छिद्रात उतरेल आणि मग स्प्लिटरच बदलावे लागेल. त्यापेक्षा त्या तिन्ही हेडफोनच्या पिना कापून तीन कप्प्यांच्या नव्या पिना बसवाव्यात. मुलांना माइकचा उपयोग नाही आणि बटणाचा तर उपद्रवच आहे. आतल्या वायरी केसासारख्या बारीक असतात आणि त्यांच्यावर रंगीत लाखेचा थर असतो. सहसा हिरवी डाव्या कानाची, तांबडी उजव्या कानाची आणि तांब्याच्या रंगाची समाईक. लाख जाळल्याशिवाय कथील धरत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे घरी प्रयत्न करणाऱ्यांचे जोड सुटतात. माइकची वायर वेगळी ओळखून, कापून, टोक झाकून ठेवायची, म्हणजे काम झाले. तीन हेडफोनचे काम तासाभराचे आहे. शाळेचे असल्यामुळे मी फक्त पिनांचे पैसे घेईन.

डोंगरशाळा, पाटण:

शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारच्या एसटीने कराडला येते. तोपर्यंत ज्या हेडफोनमधल्या बाई जातात, तो कुणाला द्यायचा यावर वर्गात भांडण आहे, कारण पाखरे फक्त त्यातच नीट ऐकू येतात असे मुलांचे म्हणणे पडले आहे.